स्थलांतरास तयार: होय / नाही

मी केलेला नोकरीचा पहिला अर्ज गणपतीच्या नावाने गेला आणि गणपतीला नकार आला. "प्रिय श्री गणेश," अशी पत्राची सुरुवात होती. "आपण दाखवलेल्या रुचीबद्दल आभार. या वेळी आपला अर्ज पुढे नेता येत नाही, याचा आम्हाला खेद वाटतो." पत्र इंग्रजीत होतं, पण नकार कुठल्याही भाषेत कळतो. कुठलंही काम ज्याच्या नावाने सुरू करायचं, त्यालाच पहिल्या पायरीवरून परत पाठवलेलं मी त्या दिवशी पाहिलं.

अर्ज होता हाउसकीपिंग सुपरवायझरच्या जागेसाठी. डमडमला विमानतळाजवळ एक कंपनी गेस्टहाउसं चालवते. बदली होऊन आलेली कुटुंबं घर मिळेपर्यंत तिथे उतरतात. जाहिरात मला मोबाइलवर दिसली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने अर्ज करू नये असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं, म्हणून केला.

नवरा सरकारी बँकेत अधिकारी. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते, लिहिताना 'तो' म्हणते. कागदावर तरी बरोबरीने बसू. लग्न झाल्यापासून आम्ही आठ गावं केली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान फ्रिज न्यावा लागत नाही. कोलकात्यात, बँकेने भाड्याने घेऊन दिलेल्या बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये, त्याची तीन वर्षं संपत आली होती. बदल्यांची यादी लागायची वेळ झाली होती, आणि मी मनाशी ठरवलं होतं की या खेपेला मी जाणार नाही.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. नुसतं 'मी येत नाही' म्हटलं की बाई रुसली म्हणतात. 'मला इथे नोकरी आहे' म्हटलं की तेच वाक्य घरातले लोक खुर्चीत नीट बसून ऐकतात. शिवाय नवरा गेला की बँकेचा फ्लॅटही जाणार, म्हणजे खोली घ्यायची तर माझा पगार हवा. यादी लागायच्या आत नोकरी मिळाली तर मी राहणार, नाही मिळाली तर नवव्या गावाला जाऊन पडदे लावणार, इतकं ते सरळ होतं.

कोलकात्यावर माझं फार प्रेम आहे असं कोणी समजू नये. इथल्या दमट हवेत पापड वाळत नाही आणि रिक्षावाला सुट्ट्यासाठी वाद घालतो. पण मी दमले होते, आणि दमले तेव्हा मी इथे होते. एवढंच.

अर्ज कसा लिहावा हे आपल्याला कळतं, यावर नवऱ्याचा गाढ विश्वास आहे. "वेळ जाईल तुझा," असं म्हणून तो उत्साहाने संगणकापुढे बसला. नमुना म्हणून त्याने लेकीच्या लग्नाच्या बायोडेटाची फाइल घेतली. ती त्याने हौसेने केली होती आणि लेकीने अजून उघडून पाहिली नव्हती. सगळ्यात वर मधोमध 'श्री गणेश प्रसन्न', तेही इंग्रजी अक्षरांत, दोन्ही बाजूंना उभे दंड. खाली वेलबुट्टीच्या चौकटीत माझा फोटो. मग दोन रकान्यांत उंची, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय आणि मामाचं गाव. गेस्टहाउसच्या चादरी बदलणाऱ्या बाईचे मामा मिरजेचे की कऱ्हाडचे, हे कळल्याशिवाय कंपनी पुढचं पाऊल कसं टाकणार? 'गृहकृत्यदक्ष'चं त्याने सुंदर इंग्रजी केलं होतं.

पत्रिकेचा भाग संपला की बँक सुरू होत होती. विषय, संदर्भ, 'वरील विषयास अनुसरून', परिच्छेदांना आकडे, पोटपरिच्छेदांना अक्षरं, आणि शेवटी 'सोबत: वरीलप्रमाणे'. वाचून मला वाटलं की मी नोकरी मागत नसून कर्ज बुडवलं आहे.

तो अर्ज पाठवला आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायच्या आत गणपतीला नकार आला.

लेक बंगळूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आठ गावांत वाढल्यामुळे तिचं मराठी ज्या त्या गावाला थोडं थोडं राहून गेलंय. तिला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं, तेव्हा ती आधी पोट धरून हसली.

"आई, माणूस नाही वाचत हे. आधी सिस्टिम वाचते. तिने टॉपची लाइन नाव म्हणून घेतली."

"गणपतीचं नाव वर लिहायचं नाही तर कुठे लिहायचं?" नवऱ्याने मागून विचारलं.

"कुठेच नाही, बाबा. आणि फोटो काढा, बॉर्डर काढा, ते टेबल काढा. तिला बॉक्सच्या आतलं वाचता येत नाही."

"चौकटीतलं वाचता येत नाही त्यांना छाननीला बसवलं कोणी?" मी म्हटलं.

यावर लेकीने नीट समजावून सांगितलं. एका जागेला ढिगाने अर्ज येतात. यंत्र जाहिरातीतले शब्द अर्जात शोधतं. सापडले तर माणसाकडे पाठवतं, नाही सापडले तर तिथूनच नमस्कार. अर्जदार किती चांगला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. मला हे काही अगदीच नवीन वाटलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळीही पत्रिका आधी अशाच चाळल्या गेल्या होत्या. फक्त तिथे चाळणाऱ्या आत्याबाईंना पोहे करून घालता आले.

इथे मला कोलकात्याच्या उत्तरेकडच्या बागबाजारचं सांगायला हवं. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की नवरा त्याला तिकडे घेऊन जातो आणि एका गजबजलेल्या रस्त्यावर उभं करून सांगतो, "इथून खंदक सुरू व्हायचा. आपल्याला अडवायला खणलेला." दिसत काहीच नाही. एक मिठाईचं दुकान दिसतं. खंदक पुरा झालाच नव्हता, आणि पुढे तो बुजवून वरून रस्ता गेला. तरी पाहुण्याची छाती फुगते आणि नवऱ्याची त्याहून. त्या दिवसांत मला या खंदकाची फार आठवण यायची. जुन्या लोकांनी मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक निदान अर्धवट सोडला होता. माझ्यासाठीचा चारी बाजूंनी पुरा होता, आणि पलीकडे माणूस आहे की नाही तेही दिसत नव्हतं.

लेकीने एक तपासणीची वेबसाइट दाखवली. तिथे अर्ज टाकायचा, की तो यंत्राला कसा दिसेल ते ती सांगते. गणपती, मामा, वेलबुट्टी सगळं काढून आम्ही साधा अर्ज टाकला. लग्नाआधी मी सांगलीला एका पतपेढीत दोन वर्षं कारकून होते. ती नोकरी मला अर्ज न करता लागली होती, कारण काका संचालक होते. तेवढी एक ओळ अनुभवात होती.

उत्तर लाल अक्षरांत आलं. सव्वीस वर्षं रिक्त. या काळात उमेदवाराने काहीही केल्याचं आढळत नाही.

नवरा चष्मा वर करून पडद्याकडे बघत होता. "तसं बघितलं तर मधे काही नाहीच," तो म्हणाला. दुष्टपणाने नाही. बँकेत ताळा जुळल्यावर म्हणतात तसं म्हणाला.

मला राग आला. रागाच्या खाली वाईटही वाटलं, आणि ते जास्त वेळ टिकलं. कारण यंत्राने हे काही स्वतःच्या डोक्याने शोधून काढलं नव्हतं. लेकीच्या प्रत्येक शाळेच्या प्रवेशाला, प्रत्येक गावातल्या गॅसच्या जोडणीला, आईच्या व्यवसायापुढे नवऱ्याने सुवाच्य अक्षरात 'काही नाही' असंच लिहिलं होतं, आणि मी शेजारी उभी राहून पेनाचं टोपण धरलं होतं. आमच्याच घरातलं वाक्य फिरून आमच्याच घरी आलं होतं. त्या दिवशी मी वरणाला फोडणी दिली नाही. त्याने ते काही न बोलता खाल्लं, म्हणजे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः लिहायला बसले. रिक्त म्हणता काय, असं म्हणून आठही गावं ओळीने लिहिली. नागपूर, घर सांभाळणं, तीन वर्षं. जबलपूर, घर सांभाळणं, तीन वर्षं. राउरकेला, भावनगर, पुढची सगळी. यंत्राला प्रत्येक नोकरी सोडल्याचं कारण हवं होतं. मी सात वेळा 'पतीची बदली' लिहिलं. लिहिताना हात आपोआप चालत होता.

या वेळी अक्षरं नारिंगी आली. उमेदवार वारंवार नोकऱ्या बदलते. एका जागी टिकत नाही. स्थैर्य कमी.

मी ते वाचून इतकी हसले की खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातून वर आल्या. त्यांना मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते. त्यांचा जन्म याच घरातला, सासर पलीकडच्या गल्लीतलं, आणि नवरा गेल्यावर त्या पुन्हा याच घरात येऊन राहिल्या आहेत. आयुष्यभरात त्यांनी फक्त एकच रस्ता ओलांडला. त्यांना मी हिंदीत सांगितलं की यंत्राच्या मते मी एका जागी टिकत नाही. त्या हसल्या नाहीत.

"ठीकइ तो बोलेछे," त्या म्हणाल्या. "तुमी तो आबार चोले जाबे."

बरोबरच बोललं यंत्र, तू तर पुन्हा निघूनच जाणार. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वीही ऐकलं होतं. त्यांच्या गच्चीत एक जुना मोगरा आहे. मी कलम मागितलं की त्या दुसराच विषय काढायच्या. जाणाऱ्या माणसाला कशाला द्यायचं, कुंडी मागे राहते आणि सुकते, असा त्यांचा अनुभव होता. आधीच्या भाडेकरूंच्या सुकलेल्या कुंड्या गच्चीत रांगेने होत्या, आणि आधीचे भाडेकरूही बँकेचेच होते.

जाताना त्या 'आशि' म्हणाल्या. बंगाली माणूस 'जाते' म्हणत नाही, आपणही म्हणत नाही; आपण 'येते' म्हणतो. मी सात गावांतून निघताना शेजारणींना 'येते' म्हणून सांगितलं आहे आणि एकाही गावाला परत गेलेली नाही.

तिसऱ्या खेपेला लेकीने रविवारची दुपार दिली. जाहिरात एका बाजूला, अर्ज दुसऱ्या बाजूला. जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा अर्जात यायला हवा, हा तिचा नियम. त्या शब्दामागे खरं काहीतरी असायला हवं, हा माझा. खोटं लिहिणार नाही, असं मी आधीच बजावलं.

"लिनन इन्व्हेंटरी," लेकीने वाचलं.

"प्रत्येक बदलीत चादरी, अभ्रे, टॉवेल मोजूनच खोक्यात जातात. उतरल्यावर परत मोजते."

"गुड. व्हेंडर मॅनेजमेंट."

"दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला. दर तीन वर्षांनी नवीन माणसं, नवीन भाषा."

"लाँग-स्टे गेस्ट हँडलिंग."

नवरा पेपरच्या आडून म्हणाला, "हे नाही हं तुझ्याकडे."

"तुमच्या आई," मी म्हटलं. "दर वर्षी दिवाळीला यायच्या आणि वैशाखात जायच्या."

पेपर वर गेला तो खाली आला नाही. लेकीने तेवढ्यात शब्द टाइप करून टाकला होता. 'टर्न-डाउन सर्व्हिस' म्हणजे काय ते तिने सांगितलं: संध्याकाळी पाहुण्याच्या पलंगावरचं आच्छादन काढून, पांघरूण दुमडून, पाणी उशाशी ठेवायचं. हे मी सासूबाईंसाठी रोज करत होते, तेही सहा वाजता. त्याला इतकं झोकदार नाव आहे हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनी उशाशी चॉकलेटही मागितलं असतं.

'तक्रार निवारण' या शब्दापाशी मला जबलपूर आठवलं. तिथे बँकेचं चार खोल्यांचं गेस्टहाउस आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. आम्ही गेल्यावर महिन्याभरात तिथला केअरटेकर गावी गेला तो आलाच नाही. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "साहेबांच्या मिसेस बघतील." आमची पुढची बदली होईपर्यंत मीच बघितलं. खोल्यांचं झाडणं-पुसणं करणाऱ्या बाया मी लावल्या, धोबी मी बदलला, मुख्य कार्यालयातून आलेल्या साहेबांच्या मच्छरदाणीचं भोक मी शिवलं. इतके दिवस आम्ही तिघं यंत्रापुढे घर सांभाळण्याचे शब्द जुळवत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"अहो, जबलपूरचं गेस्टहाउस," मी म्हटलं.

नवऱ्याने पेपर खाली केला. "ते रेकॉर्डवर नाही. ते तू मदत म्हणून करत होतीस."

"कोणाला मदत?"

"बँकेला."

"मग बँकेला माहीत असेलच."

त्याचं असं आहे की तो अन्याय करत नाही, फक्त रेकॉर्ड बघतो. थोड्या वेळाने म्हणाला, "माझे तेव्हाचे मॅनेजर आता निवृत्त होऊन नाशिकला असतात. ते फोनवर सांगतील, कोणी विचारलं तर." त्यांचा नंबर त्याने स्वतः शोधून दिला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

सगळ्यात शेवटी एक प्रश्न होता. स्थलांतरास तयार आहात का? होय, नाही. पहिल्या अर्जापासून तिथे 'होय'वर खूण होती आणि तीच पुढे चालत आली होती. ती मी केली नव्हती. विचारलं तर नवरा म्हणाला, "होयच असतं ते. 'नाही' लिहिणारा माणूस अडेलतट्टू दिसतो."

"पण नोकरी डमडमची आहे."

"असू दे की. आपण तयार असावं."

मग तो गडियाहाटला भाजी आणायला गेला. लेकीने कॉल ठेवला होता. घरात मी आणि तो प्रश्न, दोघंच उरलो. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. या प्रश्नाला काही माझी कळकळ नव्हती, हे मला ठाऊक होतं. तो हजार लोकांना हेच विचारत असणार. पण आठ गावांत आईवडिलांनी, सासूसासऱ्यांनी, बँकेने, नवऱ्याने, कोणीही मला हे विचारलं नव्हतं. विचारणारं पहिलं कोणी निघालं तर ते यंत्र. मी 'होय'वरची खूण काढली, 'नाही'वर केली आणि अर्ज पाठवून दिला. नंतर उगाचच हात धुतले.

बदल्यांची यादी गुरुवारी लागली. गुवाहाटी. नवरा घरी आला तोच म्हणाला, "क्वार्टर मोठं आहे म्हणे. मागे अंगण आहे." त्याच्या आवाजात आनंद होता आणि तो खरा होता, अंगण मला आवडतं हे त्याला माहीत आहे. मी "बरं" म्हटलं. कंपनीकडून काहीच आलं नव्हतं. त्या रात्री माझ्या मनाने निम्मं सामान बांधून टाकलं होतं, हेही सांगते.

शुक्रवारी सकाळीच फोन आला, आजच मुलाखतीला या म्हणून. यंत्राने मला पलीकडे सोडलं होतं.

रासबिहारीपर्यंत ऑटो आणि तिथून मेट्रोने डमडम. नवऱ्याला मी सांगितलं की मुलाखतीला बोलावलंय, नुसती जाऊन येते. "जा की," तो म्हणाला, "अनुभव." गेस्टहाउसच्या कचेरीत एक तरुण बंगाली मॅनेजरबाई होत्या. माझा अर्ज त्यांच्यापुढे कागदावर छापून ठेवला होता. म्हणजे इतक्या खटपटीनंतर शेवटी तो कोणीतरी कागदावरच वाचला.

"मॅडम, आपका सीव्ही बहुत प्रोफेशनल है," त्या म्हणाल्या. "किससे लिखवाया?"

"घर में सबने थोडा थोडा लिखा है," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

त्यांनी विचारलं, बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिल्या दिवशी सगळ्यात आधी काय लागतं? या प्रश्नाला बहुतेक काहीतरी गोड उत्तर असावं, हसून स्वागत वगैरे. पण मी आठ गावांच्या गेस्टहाउसांत उतरलेली बाई. माझ्या तोंडून तक्रारीच बाहेर पडल्या. सगळीकडे भिंतीवर धबधब्याचं चित्र असतं, चहाची गाळणी कुठेच नसते. कपडे वाळत घालायला दोरी नसते, मग लोक ओले टॉवेल खुर्चीवर टाकतात आणि तुम्हीच त्यांना बोल लावता. मूल प्रवासात ओकलेलं असतं आणि जादा चादर मागितली तर चावीवाला जेवायला गेलेला असतो. बाईला त्या दिवशी स्वयंपाक करायचा नसतो, पण पोराला भात लागतो, म्हणून एक कुकर हवा. आणि त्या कुकरला शिट्टी हवी. बोलता बोलता भावनगरच्या एका उशीबद्दलही बोलले. ते आवश्यक नव्हतं.

"आप तो सिर्फ कम्प्लेन कर रही हैं," मॅनेजरबाई म्हणाल्या. पण त्यांनी गाळणी लिहून घेतली होती, ते मी उलट्या बाजूने वाचलं.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक बात बताइए. आप लोग ट्रान्सफरवाले हैं. मैं आपको रखूँ, और तीन महीने में हजबंड का ऑर्डर आ जाए तो?"

यंत्राने जे नारिंगी अक्षरांत म्हटलं, माशीमांनी जिन्यात म्हटलं, तेच. मी म्हणाले, "ऑर्डर आ गया है. कल ही आया. वो जाएँगे. मैं नहीं जाऊँगी."

बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. जे वाक्य घरात मराठीत एकदाही बोलले नव्हते, ते एका अनोळखी मुलीपुढे हिंदीत बोलून बसले होते. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि चहा मागवला. चहा गाळून आलेला होता.

नेमणुकीचं पत्र दोन दिवसांनी आलं. वर गणपतीचं नव्हे, माझं नाव होतं. माहेरच्या-सासरच्या अडनावांचा घोळ न करता, नीट. मी ते नवऱ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मी गुवाहाटीला येत नाहीये. डमडमला एक खोली बघितली आहे."

त्याने पत्र सवयीप्रमाणे दोनदा वाचलं. "सहा महिने प्रोबेशन आहे," तो म्हणाला. "म्हणजे कायम नाही."

"तुमचं तरी कुठे असतं? तीन वर्षांचं असतं."

"मला आधी विचारायचंस."

"तुम्ही मला कधी विचारलंत?"

"बदलीत विचारायचं काय असतं?" तो म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मी त्याला त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. होय, नाही. सांगताना रडले, जे मला अजिबात करायचं नव्हतं. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. मग म्हणाला, "खूण मीच केली होती ना तिथे. होयवर." मी हो म्हटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी त्याने कुकर पुढ्यात ठेवून विचारलं की भाताला शिट्ट्या किती. निवृत्तीला त्याची दोनच वर्षं उरली आहेत. तेव्हा कोणी कुठे जायचं ते तेव्हा ठरवू, आणि ठरवताना दोघंही हजर असू.

त्याचं सामान न्यायला माणसं यायची होती त्या दिवशी सकाळी आम्ही माळ्यावरची खोकी खाली काढली. बदलीच्या नोकरीतली माणसं खोकी टाकत नाहीत. मिक्सरचं, इस्त्रीचं, टीव्हीचं, प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं थर्माकोलसकट माळ्यावर राहतं, कारण पुढच्या बदलीत लागतं. घरात पाऊल टाकल्यावर वर माळा आहे का हे आम्ही आधी बघतो, देवघराची जागा नंतर. टीव्ही मधे एकदा बदलला तरी मोठं खोकं तेच ठेवलं होतं. त्यावर आठ गावांच्या चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या होत्या.

त्याच्या वाटणीची भांडी, कपडे, पुस्तकं त्यातल्या काही खोक्यांत गेली. उरलेल्या खोक्यांसाठी मी खालून जाणाऱ्या बिक्रीवाल्याला हाक मारली. तो जुने पेपर, बाटल्या, पुठ्ठे घेतो.

"सगळी देतेस?" नवऱ्याने विचारलं.

"सगळी."

"टीव्हीचंही? पुढच्या वेळी काय करशील?"

"टीव्ही माझ्याकडे राहणार आहे," मी म्हटलं. "तो इथून फक्त डमडमला जाईल, मांडीवर ठेवून. पुढची वेळ नाही."

त्या खोक्यावरची, सगळ्यांच्या खालून डोकावणारी गुळगुळीत नागपूरची चिठ्ठी त्याने नखाने जरा उचकटून पाहिली, ती निघाली नाही. मग त्याने वाकून खोक्याचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही ते जिन्याने खाली घेऊन गेलो. मधल्या मजल्यावर माशीमा दार उघडून उभ्या होत्या. त्यांनी रिकामं खोकं पाहिलं, मला पाहिलं, आणि आम्ही परत वर येईपर्यंत दारातच थांबल्या. त्यांच्या हातात मोगऱ्याच्या कलमाची एक लहान कुंडी होती.